हातानं केलेली मातीची भांडी भट्टी नसताना कशी भाजायची? (सोलापूर)

ओलीमाती (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी हातानं मातीची भांडी करते. चाक नाही. चिमटीनं वाट्या, वळ्या रचून फुलदाण्या, बोटभर उंचीची बोळकी, असलं. हौसच म्हणा. माती दोन ठिकाणची. हिप्परग्याच्या तळ्याचा गाळ शेतकरी ट्रॉलीनं रानात नेतात, त्यातला थोडा मागून आणलेला, आणि गणपतीच्या आधी बाजारात येतो तो शाडू. दोन्ही अंदाजानं मिसळते.

वाळवलेला माल आता कपाटात मावेना. इलेक्ट्रिक भट्टीची चौकशी केली. पैशाचं एक वेळ जमवता येईल, पण फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठं आणि घरच्या मीटरवर चालवायची कशी? मागच्या खेपेला ओळखीच्या कुंभारमामांनी त्यांच्या आव्यात माझी भांडी घालून दिली. निघाली तेव्हा छान लाल होती, टिचकी मारली की खणखणायची. पावसाळा लागला आणि अंगावर पांढरे ठिपके उठले. मग त्या ठिपक्यांवरचे टवके उडायला लागले. एका वाटीचा तर काठच गळून पडला. मामा म्हणतात माती खराब. शेजारच्या काकू म्हणतात भाजणी कच्ची.

तर भट्टीवाचून भाजायचे बाकीचे मार्ग कोणी स्वतः करून बघितलेत का? गच्चीवर पत्र्याच्या बॅरलमध्ये लाकडाचा भुसा भरून भाजतात, ते जमेल? ओटीजीत काही होतं का? आणि ते रकू, ज्यात लालभडक भांडं चिमट्यानं काढून कागदात टाकतात, ते आपल्याकडे करता येतं का? यात जेवायचं वगैरे नाही. हातात घेतल्यावर भुगा होऊ नये, एवढीच अपेक्षा.


अण्णा_नवीपेठ

ताई, एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ठेवून द्या की. सोलापूरच्या उन्हात वेगळी भट्टी कशाला पायजे वो!

चेष्टा सोडा. ओटीजीचं मी डोळ्यानं बघितलंय. आमच्या वहिनीनं दिवाळीला पणत्या करून ओटीजीत भाजल्या. दिसायला एक नंबर. दिवाळी झाली, धुवायला म्हणून नळाखाली धरल्या, हातात चिखल.


बॉयलरवाला (मोहोळ)

साखर कारखान्यात बॉयलरवर होतो, आता रिटायर. आग बघण्यातच नोकरी गेली. सूनबाईला मातीचा नाद आहे, म्हणून शेतात आम्ही आवा लावतो. गावच्या कुंभारांजवळ बसून जे कळलं आणि आमच्या धंद्यातलं जे इथं लागू पडलं ते लिहितो. लांबेल, पण तुम्ही विचारलंयच तसं.

आधी अण्णांच्या वहिनींच्या पणत्या. मातीत पाणी दोन तऱ्हेचं असतं. एक आपण कालवताना घातलेलं. ते शंभर अंशाच्या आसपास उडून जातं. दुसरं मातीच्या कणातच बांधलेलं, ते सुटायला साधारण ४५० ते ६०० अंश लागतात. ते एकदा गेलं की त्या मातीचा परत चिखल होत नाही. ओटीजी २५० ला थांबतो. म्हणजे तिथं झालं ते कडक वाळवण, भाजणी नव्हे. वाळवायला मात्र ओटीजी झकास आहे. आव्यात घालायच्या आदल्या रात्री ८०-९० अंशावर चार-पाच तास ठेवा, दार किंचित उघडं.

आता पांढरे ठिपके. मामा बरोबर आहेत, काकू चुकल्या. भाजणी कच्ची असती तर ठिपके आलेच नसते. आपल्या काळ्या रानात चुनखडी किती असते ते विहीर पाडणाऱ्याला विचारा. गाळात तिचे बारीक खडे येतातच. आग ८००-९०० अंशाला गेली की खड्यातला वायू निघून जातो आणि भांड्याच्या अंगात कळीचा चुना शिल्लक राहतो. पावसाळी हवेतलं पाणी पिऊन तो फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. टवका उडालेल्या खळग्यात बघा, तळाला पांढरा दाणा दिसेल. तोच.

खात्री करायची तर वाळल्या ढेकळावर व्हिनेगर टाका, नाहीतर लिंबू पिळा. फसफसलं की चुना. गाळाचं आणि शाडूचं ढेकूळ वेगवेगळं बघा.

उपाय तीन ठिकाणी करता येतो. मातीत, आगीत आणि आगीनंतर. माती पातळ कालवून घ्या, जड खडे तळाला बसू द्या, वरची राळ, म्हणजे मातीचं पातळ पाणी, गाळून घ्या. चुना पीठ होऊन मातीत मिसळला तर त्रास देत नाही, खडा राहिला तर देतो. आगीचं म्हणाल तर ८०० च्या खाली राहायचं. तेवढ्या आगीत खड्यांचा बराचसा भाग चुना व्हायच्या आत तुमची भाजणी उरकते, कारण मातीला लागणारे ६०० तर केव्हाच ओलांडलेले असतात. आणि आग जास्त झालीच, तर आवा उघडल्याबरोबर भांडी पाण्यात बुडवून ठेवायची. वीटभट्टीवरही चुन्याच्या मातीच्या विटा अशा भिजवतात. चुना तिथल्या तिथं विझतो, महिन्याभरानं फुगायला शिल्लक राहत नाही.

तापमान कळणार कसं? पायरोमीटर नंतर घ्या. सध्या अल्युमिनियमची तार आणि खायचं मीठ पुरे. अल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, मीठ ८०१ ला. मातीच्या लिंबाएवढ्या वाट्या करायच्या. एकीत तारेचं वेटोळं, दुसरीत चिमूटभर मीठ. मीठ आधी तव्यावर परतून घ्या, नाहीतर आगीत तडतडून बाहेर उडतं. दोन्हींवर खापरीचा तुकडा झाका, कारण राख पडली की मीठ ठरल्यापेक्षा लवकर वितळतं आणि सगळा हिशेब चुकतो. अशा जोड्या आव्यात तळाला, मध्ये आणि कडेला ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. तारेचं वेटोळं मोडून एकजीव गोळा झालाय आणि मीठ अजून सुटं आहे, तर त्या जागी आग ६६० आणि ८०१ च्या मध्ये होती. तुमच्या मातीला हेच पाहिजे. मीठ वितळून बर्फाच्या चकतीसारखं तळाला चिकटलं असेल तर त्या कोपऱ्यातली भांडी पाण्यात. तार तशीच असेल तर ती भांडी पुढच्या खेपेला परत आव्यात. आमच्या आव्यात कडेच्या वाटीतली तार बऱ्याचदा शाबूत निघते, वाऱ्याच्या बाजूला तर हमखास.

आता भांडी फुटतात केव्हा? मोठी आग लागल्यावर फुटतात असं लोकांना वाटतं. फुटतात पहिल्या दोन तासांत. जाड बुडात ओल राहिलेली असते, तिची वाफ होते आणि बूड फाडून बाहेर येते. गार बॉयलर कोणी एकदम फुल फायरवर घेत नाही, आतल्या विटांचं अस्तर तडकतं. इथंही तसंच. भांडी आधी गोल मांडून भोवती लांबून काटक्यांचा शेक द्यायचा, दर थोड्या वेळानं फिरवायची, आग हळूहळू जवळ आणायची. अंगावर काजळी धरेल, धरू द्या. उतरताना दुसरी जागा सांभाळायची. मातीतली वाळू ५७३ अंशाला चढताना झटक्यात फुगते आणि उतरताना तिथंच आकसते. म्हणून रात्रीच हौसेनं आवा उकरायचा नाही.

आवा असा. कोरडी जागा, गुडघ्याच्या निम्मा खड्डा, तळाला खापऱ्या. त्यावर आडव्या गोवऱ्यांचा थर. शेकलेली भांडी पालथी, एकमेकांना टेकून, फटीत गोवरीचे तुकडे. भोवतीनं उभ्या गोवऱ्या, वर तूरकाठ्या, त्यावर कडब्याची ताटं. कडब्यावर खापऱ्या, आणि सगळ्यावर ओल्या राखमातीचा लेप. लेपात बुडाशी चार आणि माथ्यावर एक भोक. पेटवायचं बुडातून, सूर्य कलल्यावर. अंधारात भोकातून आगीचा रंग दिसतो म्हणून ही वेळ. नुसती चाहूल लागावी असा लाल ५५० च्या आसपास. पिकल्या चेरीसारखा लाल ७५० ला, तिथं तुम्ही थांबायचं. नारिंगी झाला म्हणजे ९०० कडे चाललात, माथ्याचं भोक निम्मं बुजवा.

बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, वापरू नका. मी आयुष्यभर तेच जाळलंय म्हणून सांगतो. भुरकन पेटतं, भुरकन विझतं, त्याला मागून सारखा पुरवठा लागतो. गोवरी मंद आणि एकसारखी जळते. वेड्या बाभळीची काटकी शेकायला चांगली.

गच्चीवर बॅरल नको. खालचा स्लॅब तापतो, आणि भुशाचा धूर रात्रभर चालतो. सोसायटीत राहायचंय ना?


राखाडी_झिलई (सध्या पुणे, माहेर सोलापूर)

काकांचं मीठ-तारेचं वाचून मजा आली. मी सिरॅमिक शिकले, तिथं आम्ही कोन वापरायचो, म्हणजे भट्टीत ठेवायचे मातीचे छोटे सुळके, ठरावीक एका अंशाला नाही तर आग आणि वेळ दोन्ही मिळून वाकणारे. ते मागवून घेता येतात, पण आव्याला तारच बरी. फक्त एक जोडते: अल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साल असते, त्यामुळे आत वितळूनही तार कधी कधी आकार धरून बसते. म्हणून निघाल्यावर सुईनं दाबून बघायचं. जाड तार घ्या, दोऱ्यासारखी नको.

भुशाच्या भाजणीबद्दल. तिचं तापमान बहुतेक वेळा ६०० ते ७०० च्या पलीकडे जात नाही, कधी तेवढंही गाठत नाही. कच्ची भांडी थेट भुशात घातली तर निम्मी मऊ निघतील. त्यामुळे आधी काकांच्या आव्यात भाजून घ्या आणि मग रंगासाठी भुशात घाला. भुशातून मिळतो तो काळा. बॅरलला सळई तापवून चार बाजूंनी भोकं, तळाला रंधा मारलेल्या लाकडाच्या साली, त्यावर बारीक भुसा चार बोटं, मग भांडी, परत भुसा, दाबून. वरून पेटवायचं आणि ज्वाळा बसली की पत्रा झाकायचा. आग वरून खाली धुमसत उतरते, दुसऱ्या दिवसापर्यंत. भुसा वखारीतून साध्या लाकडाचाच आणा. फर्निचरच्या दुकानातला प्लाय-एमडीएफचा अजिबात नको, त्यातल्या गोंदाचा धूर विषारी असतो.

काळा चांगला चमकायला हवा असेल तर काम आगीच्या आधीच असतं. भांडं चामड्याइतकं कडक झालं की गुळगुळीत गोट्यानं किंवा चमच्याच्या पाठीनं घासायचं. घाईनं नाही, एकाच दिशेनं, चमक येईपर्यंत. ही चमक ८०० च्या पुढं मरते, म्हणजे तुम्हाला चुन्यामुळे जी मर्यादा आहे तीच इथं उपयोगी पडते. आझमगडजवळच्या निजामाबादची काळी भांडी याच जातीची, बंद भट्टीत धूर कोंडून केलेली. २०१५ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मणिपूरच्या लोंगपीत तर चाकही नाही, दगडाची पूड मातीत मळून हातानं घडवतात आणि उघड्या आगीत भाजतात. म्हणजे तुमच्याकडे काही कमी आहे असं समजू नका.

आणि इतक्या लांब कशाला. तेरला जाऊन या, सोलापूरहून एका दिवसात होतं. तिथल्या वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातली मातीकामं आहेत. जुन्या खापऱ्यांत काळ्या-आणि-लाल प्रकारची भांडी असतात ना, आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल, ती पालथी घालून भाजल्यामुळे तशी झाली असं मानतात. पोटात हवा पोचली नाही, बाहेर पोचली. काका भांडी पालथी घाला म्हणतायत, तुमच्याही काही वाट्या आतून काळ्या निघतील. ते बिघडलं समजून परत भाजू नका!

रंगाचं एक खास सोलापुरी सुचवते. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांबाहेर सुताचा कचरा मिळतो. त्यातलं पांढरं, निव्वळ सुती निवडा, पॉलिस्टर मिसळलेलं नको. मिठाच्या दाट पाण्यात भिजवून वाळवा आणि भाजलेल्या भांड्याला गुंडाळून भुशात किंवा गोवऱ्यात ठेवा. सूत जळून जातं, जागी नारिंगी-तपकिरी रेघा उरतात. मोरचूद आणि हिराकस (तांब्याचा आणि लोखंडाचा क्षार) पण रंगासाठी वापरतात, पण त्यांचा धूर छातीला वाईट. मोकळ्या रानात, वाऱ्याकडे पाठ करून, आणि ती भांडी स्वयंपाकघरात कधीच नाही.

रकू. मूळचं जपानचं, १६ व्या शतकातलं, चहाच्या वाट्यांसाठी. तुम्ही बघितलंत ते भांडं भुशात-कागदात कोंबून धूर देणं मात्र अमेरिकेतलं, १९६० च्या आसपास पॉल सोल्डनर यांनी रुळवलेलं. त्याला गॅस बर्नर लागतो, आत १२६० अंशाचं सिरॅमिक फायबर लावलेलं पिंप लागतं, आणि भांडं साधारण ९५०-१००० ला बाहेर ओढतात. तुमच्या चुनखडीच्या मातीला तेवढं तापमान म्हणजे टवक्यांना आमंत्रण. शिवाय एवढ्या झटक्याला टिकायला मातीत भाजलेल्या मातीचा भरपूर चुरा घालावा लागतो, आणि ते फायबर कापताना मास्क. सोडून द्या असं म्हणत नाही, पण एकटीनं गच्चीवर नको. बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथं चौकशी करा.

झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, लावायचीच असेल तर तयार, शिसं नसलेली घ्या. कोणी शेंदराची झिलई सुचवली तर ऐकू नका. जुना शेंदूर म्हणजे शिसंच.


चाकाजवळचा

आमची पिढीजात कुंभारकी. वर लिहिलंय त्यातलं पुष्कळ बरोबर आहे. मीठ-तार आमच्यात कोणी ठेवत नाही, आजोबा धुराचा रंग बघून सांगायचे. धूर पांढरा असेतोवर ओल निघतीय, मग काळा-पिवळा, मग नुसती गरम हवा थरथरताना दिसते. तेव्हा भोकं बुजवायची. पण तुम्ही आठवड्याला आवा लावत नाही, तर तारच ठेवा.

मला दुसरंच सांगायचं होतं. हौशी लोक आमच्याकडे भांडी घेऊन येतात, आम्ही नाही म्हणत नाही. पण त्यांची वाटी असते अंगठ्याएवढ्या जाडीची, नाहीतर पोटातून भरीव हत्ती. ती आव्यात फुटते आणि खापऱ्या उडून शेजारची आमची मडकी जातात. मडकं थापीनं बडवून बडवून पातळ केलेलं असतं, त्याला खापरी लागली की कामातून गेलं. मग कोण भरून देणार? म्हणून ताई, बोटापेक्षा जाड काही आणू नका. भरीव असेल तर आतून पोखरा. पोकळ आणि बंद असेल तर भोक ठेवा. अन् मामांना आधीच सांगा की आमची माती तळ्याची आहे.

नुसता गाळ नको. काळी माती वाळताना फार आकसते, तडे जातात. तिच्यात आम्ही राख आणि घोड्याची लीद मळतो. तुम्हाला शहरात लीद कुठं मिळणार, तर जुन्या मंगलोरी कौलांचा चुरा कुटून चाळून चौथा हिस्सा घाला. विटेची सुरखी चालते, पण विटेतही आपल्याकडे चुनखडी असते, बघून घ्या.

आणि वाळवणं. सोलापुरात उन्हाळ्यात सकाळी केलेलं भांडं दुपारपर्यंत काठाला वाळतं आणि बुडाला ओलं राहतं, तिथंच चिरतं. ओल्या गोणपाटाखाली ठेवा, उलटं करा, दोन दिवस सावलीला, मग ऊन.

आवा मागायची वेळ पण बघा. संक्रांतीच्या आधी सुगडी, मग पाडव्यापर्यंत माठ, बेंदराला बैल, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. या दिवसांत आव्यात तिळाएवढी जागा नसते. दिवाळी उरकली की या. तेव्हा आम्ही पण निवांत, आणि रान कोरडं.


ओलीमाती (जुळे सोलापूर)

सगळ्यांचे आभार. काल रात्री चाचणी घेतली. गाळाच्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं तर सोडा घातल्यासारखं उसळलं. शाडूच्या ढेकळाला दोन-चार बुडबुडे आले, बाकी शांत. उडालेल्या टवक्याच्या खळग्यात पांढरा दाणा पण सापडला, नखानं खरवडला तर पीठ झालं. काकूंना दाखवला. त्यांना अजून पटलेलं नाही.

चाकाजवळचा दादा, तुमचं वाचून मामांचा चेहरा डोळ्यासमोर आला. माझ्या फुलदाणीचं बूड चांगलं दोन बोटं जाड होतं आणि तरी त्यांनी हसत ठेवून घेतली होती. या खेपेला माझा माल मी वेगळा लावते. भावाचं शेत मोहोळच्या अलीकडे आहे, विहिरीजवळ मोकळी जागा आहे, गोवऱ्या वहिनीकडे रचून ठेवलेल्या.

बॉयलरवाले काका, तीन गोष्टी राहिल्या. राळ गाळायला चाळण केवढ्या छिद्राची? मैद्याची चालेल का? दुसरं, माझा माल थोडा आहे, एवढ्या थोड्या भांड्यांना आवा लागतो का, की आग धरतच नाही? आणि तिसरं, आधीच ठिपके उठलेल्या वाट्यांचं काही होतं का?


बॉयलरवाला (मोहोळ)

मैद्याची चाळण जाड पडते, खडा सुटतो. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जाळीचे उरलेले तुकडे असतात, ते मागा. मेंदीच्या कोनाला वापरतात तसलं नायलॉनचं कापड पण चालतं. राळ ताकाएवढी पातळ ठेवली तरच गळते. गाळलेली माती जुन्या चादरीत बांधून टांगा, पाणी गळून मळण्याजोगी होईल. गाळलेल्या मातीवर परत व्हिनेगर टाकलं तर फसफसेलच, घाबरू नका. चुना आहेच, फक्त खडा गेला. चुरा घालायचा तो गाळून झाल्यावर, आधी नाही.

माल थोडा असेल तर खड्डा लहान करा, गोवऱ्या कमी करू नका. भांड्यांच्या चारी बाजूंनी आणि वरून वीतभर तरी गोवरी पाहिजे. त्यापेक्षा कमी केलं तर तार वितळणार नाही. मणी, बोळकी असलं बारकं सामान असेल तर पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात राखेत पुरून मधोमध ठेवा. बंब असेल कोणाकडे अजून, तर मणी बंबाच्या विस्तवात पण भाजून निघतात.

ठिपके उठलेल्या वाट्या पाण्यात टाका, दोन दिवस राहू द्या. जे फुटायचं ते फुटेल, उरलेल्या पुढं टिकतील. पांढरे दाणे ब्रशनं काढून टाका. ज्यांचा काठ गेलाय त्या फोडून चुरा करू नका, चुना परत मातीत जाईल. आवा झाकायला खापऱ्या लागतात, त्याला वापरा.

झिलईवाल्या ताईंचं सुईनं दाबायचं बरोबर आहे, मी सांगायला पाहिजे होतं. त्या भुशाचं आधी आव्यात भाजून घ्या म्हणतात, तेवढं मला पटत नाही. आमच्याकडे सूनबाई पातळ बोळकी थेट भुशात घालते, गोवरीचे तुकडे मिसळून, आणि बहुतेक चांगली निघतात. तुमच्या जाड वाट्यांना मात्र त्यांचंच ऐका.

अमावास्येच्या आसपासची रात्र घ्या, रंग नीट दिसतो. वारा सुटला तर लावूच नका. विहिरीजवळ म्हणालात, तर कडब्याची गंज तिथून लांब आहे ना ते बघा आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. सकाळी लेपावर तळहात ठेवा. टिकत नसेल तर दुपारपर्यंत तसाच राहू द्या. उघडायला घाई केली की चांगल्या निघालेल्या वाट्या गार वाऱ्यानं तडकतात.

तेरच्या बाबतीत, सोमवारी निघण्याआधी संग्रहालय उघडं आहे का ते फोन करून विचारा.


अण्णा_नवीपेठ

ताई, आवा लावाल तेव्हा कळवा. वहिनीला पणत्या घेऊन पाठवतो. बोटापेक्षा पातळ आहेत, मी मोजल्यात.